बराकीतला पदवीधर, गुरुजींच्या हाताखाली : तुरुंगातल्या वर्गासाठी मदतनीस कसे तयार करावेत

बाहेरून शिकवायला जाणारा माणूस आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा आत जातो. दरवाजावर नाव लिहा, मोबाइल जमा करा, झडती द्या, आतल्या दरवाजावर पुन्हा नाव लिहा, शिपाई न्यायला येईपर्यंत बाकावर बसा. वर्ग भरेस्तोवर ठरलेल्या दीड तासातला अर्धा तास गेलेला असतो, आणि दुपारची गिनती, म्हणजे बंद्यांची मोजणी, कुणासाठी थांबत नाही. उरलेल्या तासाभरात एकाला मुळाक्षरं, दुसऱ्याला दहावीचं बीजगणित, तिसऱ्याला बी.ए.चा स्वाध्याय. त्याच वेळी शेजारच्या बराकीत बी.कॉम. झालेला एक जण भिंतीला पाठ टेकून बसलेला असतो.

त्या माणसाला वर्गात मदतनीस म्हणून उभं करता येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशातल्या तुरुंगांत ४,७८,६०० बंदी होते. त्यांतले १,३२,७२९ निरक्षर आणि १,९८,८७२ दहावीच्या आतले. पदवीधर होते ३०,२०१ आणि पदव्युत्तर ८,०८५. म्हणजे साधारण साडेतीन निरक्षरांमागे एक पदवीधर. बाहेर किती गावांच्या वाट्याला हे प्रमाण येतं? कल्पना नवीनही नाही. तिहारमध्ये शिकलेल्या बंद्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचा ‘पढो और पढाओ’ उपक्रम चालतो. इंग्लंडातल्या तुरुंगांत १९९७ मध्ये सुरू झालेला शॅनन ट्रस्ट वाचता येणाऱ्या बंद्याला न येणाऱ्याशेजारी बसवतो. आपल्याकडे राज्यातल्या काही मध्यवर्ती कारागृहांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची आणि इग्नूची अभ्यासकेंद्रं आहेत. आत राहून पदवी मिळवणारे तिथूनच तयार होतात.

पण माझ्या अनुभवात घोडं ज्ञानापाशी अडत नाही. तुरुंगात कुठलंही काम हातात आलं की त्याला सत्ता चिकटते. भिशीत, म्हणजे तुरुंगाच्या स्वयंपाकघरात, ज्याच्या हातात पळी, त्याच्याशी सगळे गोड बोलतात. वर्गातल्या मदतनिसाच्या हातात वही, पेन, हजेरीचं पान आणि साहेबांच्या कानाला लागायची सोय येते. सावध राहिलं नाही तर तीन महिन्यांत मदतनिसाचा मुकादम होतो. खाली सांगितलेलं निम्मं काम शिकवायला शिकवण्याचं आहे. निम्मं हा मुकादम होऊ न देण्याचं आहे.

आधी कार्यालयात

अधीक्षकांना दोन पानांचं टिपण द्या. तोंडी होकारावर काम सुरू करू नका. साहेबांची बदली झाली की तो होकार त्यांच्याबरोबर जातो. टिपणात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात : वर्ग कुठे आणि किती वाजता, मदतनीस किती, त्यांना बराकीतून आणणारा-नेणारा कोण, आत कोणतं साहित्य राहील, आणि तक्रार आली तर ती कोण ऐकेल. साहित्याची यादी कंटाळा येईल इतकी बारीक करा. कंपास पेटीतलं कर्कटक, पट्टी, कात्री, स्टेपलरच्या पिना ह्यांवरून वर्ग बंद पडलेले पाहिले आहेत. जाड खडू, फळा, शिवलेल्या वह्या आणि रोज मोजून परत घ्यायच्या पेन्सिली एवढ्यावर पहिले सहा महिने छान निघतात.

कारागृहाचे स्वतःचे शिक्षक, ज्यांना आत सगळे गुरुजी म्हणतात, त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. मदतनीस हे गुरुजींच्या हाताखाली काम करणार आहेत, तुमच्या नव्हे. तुम्ही निघून गेल्यावर सगळं निस्तरायला तेच असतात.

पक्का कैदी (शिक्षा झालेला) आणि कच्चा कैदी (खटला अजून चालू असलेला) ह्यांतला फरक नियोजनात धरा. आतले बहुसंख्य लोक न्यायाधीन असतात : २०२२ च्या अखेरीस देशभरात ७५.८ टक्के. त्यांना काम सक्तीचं करता येत नाही, त्यांची तारीख कधीही लागते आणि जामीन झाला की ते संध्याकाळी घरी असतात. तसं व्हायलाच हवं. म्हणून कणा सिद्धदोष बंद्यांचा ठेवा आणि न्यायाधीन पदवीधर स्वखुशीने येत असतील तर त्यांना जोडीला घ्या. वर्ग एकट्या कच्च्या कैद्यावर टाकला की जामिनाच्या दिवशी वर्गही सुटतो.

निवड

सूचना फलकावर लावून भागत नाही, बराकीबराकीत वाचून दाखवा. नाही तर बातमी ठरावीक चार जणांतच फिरते आणि नावं आधीच ठरून येतात. अर्ज अर्ध्या पानाचा ठेवा : शिक्षण काय, कुठल्या भाषा बोलता येतात, आजवर कुणाला काही शिकवलंय का. ‘कुणाला काही’मध्ये गवंडीकाम आणि गाडी चालवणंही आलं. मला भेटलेला सर्वांत चांगला मदतनीस आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होता. शिकणाऱ्याचा पाय ब्रेकवर चुकणारच आणि तरी ओरडायचं नाही, हे त्याला अंगवळणी पडलेलं होतं. एम.ए. झालेल्या दोघांना ते शेवटपर्यंत जमलं नाही.

अर्जानंतर पाच मिनिटांची चाचणी. उमेदवाराला एक सोपी गोष्ट द्या, उदाहरणार्थ घड्याळात सव्वासात कसे ओळखायचे, आणि ज्याला ती येत नाही अशा खऱ्या माणसाला शिकवायला सांगा. उमेदवाराचं बोलणं किती सफाईदार आहे ते बघू नका. तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो का, मध्ये थांबतो का, समोरचा चुकल्यावर हसतो का, एवढंच बघा. पाचही मिनिटं स्वतःच बोलत राहणारा पदवीधर वक्तृत्व स्पर्धेला चालेल, इथे नाही.

कोणाला घेऊ नये? ज्याच्यावर शिस्तभंगाची चौकशी चालू आहे, जो बराकीत उसनवारी चालवतो, आणि जो आधीच वॉर्डरचं किंवा पहाऱ्याचं काम करतो. शेवटच्याला माणूस वाईट म्हणून नव्हे, पण रात्री पहारा देणाऱ्यापुढे सकाळी ‘मला येत नाही’ म्हणायला कोण धजेल? गुन्हा काय हे आपण विचारायचं नाही. सुरक्षेच्या बाजूने ते प्रशासन तपासतं आणि नाव गाळायचा अधिकार त्यांचा आहे. मात्र जात हा निवडीचा निकष कुठल्याच वाटेने आत शिरता कामा नये. तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. ‘शिकवायचं काम त्याच्या घराण्यातच आहे’ असं कुणी कौतुकाने म्हणालं तरी कान टवकारा.

दोन मदतनीस हवे असतील तर चार जण प्रशिक्षणाला घ्या. कारण पुढे येईलच.

प्रशिक्षणाच्या आधी चष्मा

हे पाठ्यक्रमात कुणी लिहीत नाही म्हणून वेगळं सांगतो. चाळिशी ओलांडलेला माणूस पुस्तक हातभर लांब धरतो, डोळे बारीक करतो, आणि मग ‘मला नाही येत वाचायला’ म्हणून पुस्तक मिटतो. त्याचं नाव निरक्षरांत पडतं. वर्ग सुरू करण्याआधी कारागृहाच्या डॉक्टरांकडून किंवा एखाद्या नेत्रशिबिरातून जवळच्या नजरेची तपासणी करून घ्या. चष्मा लागल्यावर दोन-तीन जण चौथीपर्यंतचं सहज वाचायला लागतात, असं होतं. मदतनिसांनाही हे शिकवा : माणूस पुस्तक किती लांब धरतो ते आधी बघ, अक्षरं नंतर.

सहा आठवडे

आठवड्याला तीन बैठका, प्रत्येकी दीड तास. ह्यापेक्षा कमी वेळात काम उरकलं की पदवीधर स्वतःला शाळेत जसं शिकवलं गेलं तसंच शिकवायला लागतो, आणि समोरचे बरेच जण नेमके तशाच शाळेतून पळालेले असतात.

पहिल्या बैठकीत फळ्यावर मोडी लिपीतली एक ओळ लिहा. भावी मदतनिसांपैकी एकेकाला उभं करून ती मोठ्याने वाचायला सांगा. कुणी शेजाऱ्याकडे बघेल, कुणी हसून वेळ मारून नेईल, कुणी ‘प्रकाश नाही पडत नीट फळ्यावर’ म्हणेल. दहा मिनिटं हे चालू द्या. मग सांगा की पुढे वर्गात तुमच्यासमोर बसणारा माणूस हेच सगळं करणार आहे, आणि त्याला तुम्ही आळशी म्हणायच्या बेतात आहात. प्रौढ शिक्षणावर तासभर बोलून जे उतरत नाही, ते ह्या दहा मिनिटांत उतरतं.

पहिले दोन आठवडे वाचनाचे. शाळेत अ-आ-इ पासून किंवा ग-म-भ-न पासून सुरुवात होते. प्रौढाची सुरुवात त्याच्या नावापासून करायची. समजा समोरच्याचं नाव मारुती. मोठ्या अक्षरात लिहा : मारुती. बोट ठेवून तीन तुकडे करा : मा, रु, ती. आता ह्याच तुकड्यांतून काय काय निघतं ते त्याला शोधू द्या. ‘माती’ निघते. काना-वेलांटी हलवली की ‘तार’, ‘मार’, ‘मत’ निघतात. ‘रु’चा उकार इतर अक्षरांसारखा खाली लागत नाही, कडेला लागतो. तो आज तसाच राहू द्या, समजावत बसू नका. मग ‘ख’ हे एकच नवं अक्षर द्या आणि त्याच्याकडून जुळवून घ्या : ता, री, ख. तुरुंगात सगळ्यांत जास्त बोलला जाणारा शब्द तारीख आहे. तो कागदावर पहिल्यांदा ओळखता आला की माणूस पुढच्या तासाला वेळेआधी येतो.

त्यानंतर गरजेचे शब्द : मुलाखत (आत घरच्यांच्या भेटीला हेच म्हणतात), अर्ज, वकील, दवाखाना, कँटीन, स्वतःचं गाव, मुलांची नावं. जोडाक्षरं आणि रफार मागाहून. ‘अर्ज’ मात्र चित्रासारखा आधी ओळखू द्यावा.

तिसऱ्या आठवड्यात लिहून घेण्याची पद्धत शिकवा. शिकणारा दोन-तीन वाक्यं बोलतो, मदतनीस ती जशीच्या तशी मोठ्या अक्षरांत लिहितो आणि दोघं मिळून वाचतात. माणूस ‘मी काल दवाखान्यात गेल्तो’ म्हणाला तर कागदावर ‘गेल्तो’च यायला हवं. पदवीधराचा हात इथे शिवशिवतो, त्याला ‘गेलो होतो’ करायचं असतं. करू देऊ नका. स्वतःच्या तोंडचं वाक्य ओळखीचं असतं, म्हणून ते वाचता येतं. प्रमाण भाषा सहा महिन्यांनी आली तरी चालेल. घरी गोरमाटी, पारधी, भिली किंवा भोजपुरी बोलणाऱ्याला तर हा आधार फारच लागतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत होते, तेव्हा साने गुरुजी ते लिहून घेत होते. मदतनिसांना मी हा प्रसंग सांगतो तो साने गुरुजींच्या बाजूने. वर्गात प्रवचनकार नको आहे, लिहून घेणारा हवा आहे.

चौथा आठवडा आकड्यांचा. आतल्या माणसाचा तोंडी हिशेब बहुतेकदा पक्का असतो, अडतं ते लिहिण्यात. ‘पंचवीस’ ऐकून माणूस ५२ लिहितो, कारण मराठीत पाच आधी उच्चारला जातो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. प्रौढांच्या वर्गात ती बिनबोभाट वापरावी, दोन आठवड्यांत काम होतं. साहित्य म्हणून कॅलेंडर, केस नंबर, घरचा फोन नंबर आणि कँटीनचा हिशेब. कँटीनचा हिशेब स्वतः तपासता येऊ लागला की बराकीतल्या कुणाचा तरी धंदा बसतो, हेही लक्षात ठेवा. त्याची कुरकुर मदतनिसापर्यंत पोचते.

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात उमेदवार खऱ्या वर्गात वीस-वीस मिनिटं शिकवतात आणि बाकीचे मागे बसून बघतात. मागे बसणाऱ्याने एकच गोष्ट टिपायची : प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबला. मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहणं हे ह्या कामातलं सर्वांत अवघड कसब. तिसऱ्या अंकालाच उत्तर स्वतः सांगून टाकायची सवय शिकलेल्या माणसाला असतेच. मलाही होती.

काय करायचं, काय नाही

प्रशिक्षण संपल्यावर मदतनिसाला कामाचा कागद द्या आणि तोच वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. करायची कामं सोपी आहेत : तिघा-चौघांचा गट घेऊन बसणं, वाचन ऐकणं, वह्या बघणं, गुरुजी नसतील त्या दिवशी ठरलेला सराव घेणं. न करायची यादी महत्त्वाची.

हजेरी तो घेणार नाही. शिक्षणाचा संबंध माफीशी, म्हणजे शिक्षेत मिळणाऱ्या सुटीशी, येतो, आणि माफीशी संबंध असलेलं कुठलंही पान बंद्याच्या हातात असू नये. हजेरी गुरुजींनी किंवा शिपायाने घ्यावी. गुण तो देणार नाही. परीक्षेच्या दिवशी तो परीक्षेच्या खोलीच्या आसपासही असणार नाही. दुसऱ्याचा स्वाध्याय तो लिहून देणार नाही. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी असलेल्या बराकीत ही मागणी पहिल्याच महिन्यात येते, कधी बिस्किटांच्या पुड्यासह. ‘तू बोल, मी ऐकतो, लिहायचं तू’ हे वाक्य त्याच्या तोंडी बसवून घ्या.

कोर्टाच्या अर्जांचं काय, हा प्रश्न येतोच. शिकलेल्या माणसाकडे रात्री बराकीत चार जण कागद घेऊन येतात, आणि माणुसकी म्हणून तो नाही म्हणत नाही. वर्गाच्या वेळेत हे काम नको आणि कधीही मोबदल्यात नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून काही बंद्यांना विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण मिळतं, कागद त्यांच्याकडे वळवायचे. एकाच माणसाकडे दोन्ही कामं देऊ नका. ज्याच्या हातात तुमचा जामीन अर्ज आहे, त्याने वही तपासली तर तुम्ही चूक कबूल कराल का?

आणि तो खबऱ्या नाही. वर्गात ऐकलेलं कार्यालयात सांगायची अपेक्षा त्याच्याकडून कुणी ठेवू नये, हे अधिकाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. अपवाद एकच : कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी करत असेल तर लगेच गुरुजींना सांगायचं. हा अपवाद वर्गालाही माहीत असावा.

मोबदला

फुकट काम करून घेऊ नका. ‘सेवा’ हा शब्द ऐकायला गोड आहे, पण कारखाना विभागात सुतारकाम करणाऱ्याला मजुरी मिळते आणि शिकवणाऱ्याला शाबासकी, हे बरं नव्हे. बंद्यांच्या श्रमाला रास्त मोबदला मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. तुरुंगातली मजुरी कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गांत विभागलेली असते. मदतनिसाचं काम कुशल धरावं असा प्रस्ताव पहिल्या टिपणातच घाला. माफीबद्दल मात्र स्वतःहून एक शब्द बोलू नका. किती आणि कुणाला, हे नियम आणि वरिष्ठ ठरवतात. आपण दिलेला शब्द पाळायचा अधिकार आपल्याकडे नसतो.

प्रमाणपत्र द्यायचं असेल तर त्यावर कारागृहाचं नाव नको. विद्यापीठ किंवा संस्थेचं नाव, कामाचे तास आणि कामाचं वर्णन पुरे. सुटल्यावर नोकरीसाठी दाखवायचा कागद तोच असतो.

आठवड्याची बैठक

दर शनिवारी अर्धा तास मदतनीस, गुरुजी आणि तुम्ही. प्रत्येकाने आपल्या गटातल्या एकाच माणसाबद्दल बोलायचं : काय आलं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय. ‘सगळे छान चाललेत’ हे उत्तर चालत नाही. ह्या नोंदी एका वहीत, शिकणाऱ्याच्या पानावर, मदतनिसाच्या अक्षरात. वही मुक्कामाला गुरुजींच्या कपाटात.

ह्याच बैठकीत मदतनिसाचं स्वतःचं काय चाललंय तेही विचारा. अपील फेटाळलं गेलं, मुलाखतीला घरचं कुणी आलं नाही, तर त्या आठवड्यात तो शिकवू शकणार नाही. त्याला सुटी घेऊ द्या. सुटी मागितली म्हणून जागा जाणार नाही हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी तो खोटं कारण सांगत नाही.

प्रगती मोजायला मोठं काही नको. पंधरा वर्षांवरच्यांसाठी असलेल्या उल्लास साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची असते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. ती द्यायची सोय जिल्ह्याच्या शिक्षण विभागाशी बोलून होते. माझी स्वतःची मोजपट्टी वेगळी आहे. ‘मा. अधीक्षक साहेब यांस’ पासून सहीपर्यंत अर्ज माणसाने कुणालाही न विचारता लिहिला, की तो वाचायला शिकला असं मी धरतो.

महिला विभागात

तिथे संख्या कमी, त्यामुळे पदवीधर एखादीच असते किंवा नसतेच. बारावी झालेलीला घ्या, दहावी झालेलीलाही घ्या, प्रशिक्षण दोन आठवडे वाढवा. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत राहतात. वर्गाच्या वेळी ती कुणाकडे, हे ठरल्याशिवाय वेळापत्रक काढू नका. मुलं वर्गातच बसली तर हाकलू नका. आईची आणि मुलाची पाटी शेजारी शेजारी असली की दोघांचंही बरं चालतं.

बिघडतं कुठे

एका ठिकाणी सगळं सुरळीत चालू असताना आमच्या दोन्ही मदतनिसांची एकाच दिवशी दुसऱ्या कारागृहात रवानगी झाली. गर्दी कमी करायची होती, कुणाचा दोष नव्हता. वर्ग सात आठवडे बंद पडला, कारण तिसरा तयार नव्हता. दोन हवे तिथे चार का, ते तेव्हापासून. राखीव दोघांना महिन्यातून एकदा तरी खराखुरा गट द्या, नुसतं यादीत ठेवू नका.

दुसरं बिघडलं ते हळूहळू. एक मदतनीस अतिशय चांगला, वर्ष-सव्वा वर्ष काम केलेला. त्याच्या गटातले लोक वर्गात त्याच्यासाठी पुढची जागा राखायला लागले, मग त्याचा डबा धुवायला लागले. त्याने मागितलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. लक्षात आल्यावर आम्ही गट बदलले आणि नियम केला : कुठलाही मदतनीस एका गटाबरोबर तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि वर्षाकाठी एक महिना तो स्वतः विद्यार्थी म्हणून बसेल. काहीही शिको, इंग्रजी, संगणक, शिवणकाम. तो माणूस शिवणकामाला बसला. पहिल्या दिवशी सुईत दोरा ओवता येईना, तर शेजारच्याने सुई त्याच्या हातातून घेतली आणि ओवून दिली. शनिवारच्या बैठकीत तो आपणहून म्हणाला, त्याने ओवून द्यायला नको होती.

सुटका किंवा बदलीची तारीख कळली की शेवटचे दोन आठवडे मदतनिसाने नव्याला शेजारी बसवून शिकवायचं. पहिल्या आठवड्यात नवा बघतो, दुसऱ्यात जुना बघतो. वहीतल्या प्रत्येक पानावर जाणाऱ्याने एक ओळ लिहायची : ह्याला कुठे थांबायचं ते मी सांगत नाही, तोच सांगतो, किंवा हिच्यापुढे नवऱ्याचा विषय काढू नका, किंवा नुसतं ‘र्‍ह अजून राहिलाय’. मग वही गुरुजींच्या कपाटात, आणि सोमवारी नव्या अक्षरात पुढची नोंद.